जिल्हा कोर्टात अपील हरलो, आता हायकोर्टात जाता येईल का?

प्रश्न: आमची वाटणीची केस, सांगली जिल्हा. खालच्या कोर्टात जिंकलो होतो पण भाऊबंदांनी जिल्हा कोर्टात अपील केलं आणि निकाल उलटा लागला. वडील तेव्हापासून नीट जेवलेले नाहीत. आता काय करू?

उत्तर १: दादा, हायकोर्टात सेकंड अपील (दुसरं अपील) करता येतं, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम १००. पण तिथे साक्षीपुरावे सहसा परत तपासत नाहीत, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो, म्हणून निकाल नीट वाचून घ्या, वाटणीपत्राचा अर्थ चुकीचा लावला असेल तर तो मुद्दा धरा. मुदत ९० दिवस, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. नकलेचा अर्ज उद्याच टाका!

उत्तर २: आणि नुसतं अपील केलं म्हणजे स्टे (निकालाच्या अंमलबजावणीला स्थगिती) मिळत नाही हो, तो वेगळा मागावा लागतो, आमचं तिथेच चुकलं आणि समोरच्यांनी ताबा घेतला.

प्रश्नकर्ता: मुंबईला जावं लागेल?

उत्तर १: नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, म्हणजे हायकोर्टाचे न्यायाधीश तिथेच बसतात, सांगली त्यातच येतं.

उत्तर ३: माझ्या भावाची फौजदारी केस आहे, तिथेही असंच?

उत्तर १: ताई, फौजदारीत सहसा दुसरं अपील नसतं, रिव्हिजन करतात, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल बरोबर आहे का ते तपासायला वरच्या कोर्टात अर्ज.