साहेबांपर्यंत न पोचलेले विनोद : तुमचे अनुभव लिहा

साहेब निघून गेल्यावर मागे जो हशा पिकतो, त्यात बहुतेक वेळा साहेबांना कळायला हवी असलेली गोष्टच दडलेली असते. ती सरळ वर जात नाही, म्हणून विनोद होऊन आडवी फिरते. लष्करात आणि नंतर कार्यालयात, दोन्हीकडे मी हे पाहिलं. तुमच्याकडचे किस्से सांगा. माणसाचं किंवा संस्थेचं नाव नको. सुरुवात मी करतो.

आमच्या युनिटचं इन्स्पेक्शन ठरलं. लगेच चुना-गेरू सुरू! रस्त्याकडेच्या विटा, झाडांचे बुंधे, दगड, काही म्हणून सुटलं नाही. चुना कमी पडायला लागल्यावर हुकूम आला, की मोठ्या साहेबांची गाडी ज्या बाजूनं येणार तेवढीच बाजू रंगवा. तिकडे गाड्यांच्या शेडचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीची मागणी कधीची फायलीत पडून होती. आदल्या संध्याकाळी मार्ग बदलला, गाडी आता उलट दिशेनं येणार. रात्रभर टॉर्च धरून जवानांनी विटा उपटल्या, फिरवल्या, पुन्हा पुरल्या. एक हवालदार म्हणाला, "साहेब, एकदा विटांना 'पीछे मुड' देऊन बघू का?" सगळे हसले, सुभेदारसाहेबसुद्धा. पण त्या हसण्यात संताप होता, आणि तो रास्त होता. पुढच्या पावसात गाड्या भिजल्याच.

*कॉल सेंटरमधली :*
आमच्याकडे प्रत्येक कॉल चार मिनिटांत संपवायचा नियम आला. साडेतीन मिनिटं झाली की पर्यवेक्षक मागे येऊन उभे राहायचे. मग ग्राहकाचं काम झालेलं असो वा नसो, "आणखी काही मदत?" असं विचारून कॉल बंद. तोच माणूस पुन्हा फोन करायचा, चिडलेला, आणि पहिल्यापासून सगळं सांगायचा. कॉलची संख्या वाढली. विभागाचं कौतुक झालं, एवढे कॉल हाताळले म्हणून! पुन्हा फोन करणाऱ्यांना आम्ही 'आपले पाहुणे' म्हणायचो. एका बाईंचा आवाज सगळ्यांना ओळखू यायला लागला होता. त्यांचं काम होतं फक्त पत्ता बदलण्याचं. त्यांचं मला अजून वाईट वाटतं.

*निवृत्त लष्करी अभियंता :*
वरच्या अनुभवावरून आठवलं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यानं यश मोजायला मारलेल्या शत्रूंची संख्या धरली. वरून आकड्यांचा तगादा, म्हणून खालून फुगवलेले आकडे, आणि त्यात मेलेले सामान्य गावकरीही शत्रू म्हणून मोजले गेले. आकडा हेच काम झालं की माणसं कामाऐवजी आकडाच तयार करायला लागतात. कार्यालयात यातून मनस्ताप होतो, युद्धात जीव जातात.

*सॉफ्टवेअर टीममधून :*
दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संघटनेनं शत्रूच्या प्रदेशातल्या सामान्य लोकांसाठी घातपाताची एक पुस्तिका काढली. यंत्रं बिघडवण्याबरोबर त्यात कार्यालयं बिघडवण्याचे उपायही आहेत. प्रत्येक विषय समितीकडे पाठवा, समितीत पाचपेक्षा कमी माणसं नकोत, इतिवृत्तातल्या शब्दांवरून वाद घाला, आधी ठरलेला मुद्दा पुन्हा उकरून काढा. मी ही यादी टीमला वाचून दाखवली. थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग एकीनं विचारलं, "मग आपल्यात शत्रूचा माणूस कोण?" त्या दिवशी आमच्या बैठकीला चौदा जण होते. विषय होता एका बटणाचा रंग.

*परिचारिका :*
आमच्याकडचा किस्सा जरा वेगळा, कारण तो वर पोचला. परिचारिकांना रुग्णांसाठी वेळ का पुरत नाही, हे शोधायला व्यवस्थापनानं एक तक्ता दिला. दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायचं. रात्रपाळीला दोघी आणि पूर्ण भरलेला वॉर्ड! माझ्या सहकारिणीनं दर तिसऱ्या रकान्यात खरं तेच लिहिलं : 'तक्ता भरत होते.' वॉर्डभर हसू पसरलं. आता तिला मेमो मिळणार, असंच आम्हाला वाटलं.

नव्या मेट्रननी तो कागद वाचला आणि रात्री अकराला स्वतः वॉर्डात आल्या. सकाळपर्यंत थांबल्या. सलाइन बदलताना, बेल वाजली की धावताना त्यांनी आम्हाला पाहिलं. एकाच रुग्णाचा ताप चार्टवर, रजिस्टरमध्ये आणि हस्तांतरणाच्या वहीत असा तीनदा लिहिला जातो, हे त्यांनी स्वतः मोजलं. त्याच आठवड्यात तक्ता बंद झाला आणि रजिस्टरमधला तापाचा रकानाही गेला. तक्त्याचे छापील गठ्ठे उरलेत, त्यांच्या पाठीवर आम्ही ड्युटी मांडतो.