उन्हाळ्यात जनावरांना मेंथॉल लावणं थांबवायला हवं, तुमचं मत काय?

माळवाकर, इंदूर
पारा ४२ च्या वर गेला की आमच्या रामबागेत काही घरांत कुत्र्याच्या अंगाला घामोळ्यांची पावडर चोळतात, कोंबड्यांच्या पाण्यात पेपरमिंट तेलाचे थेंब टाकतात, म्हणजे पुदिन्यातला गारवा देणारा पदार्थ, मेंथॉल, जनावरांना देतात. प्रेमापोटीच करतात, पण हे बंद व्हावं असं मला ठामपणे वाटतं.

मेंथॉल अंगातली उष्णता कमी करत नाही. त्वचेतल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम८ नावाचं आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं उघडणारं-मिटणारं प्रथिनाचं दार, असतं. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या शास्त्रज्ञांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे ओळखलं. त्वचा गार झाली की ते उघडतं, कॅल्शियम-सोडियम आत शिरतं आणि मेंदूला गारव्याची खबर जाते. मेंथॉलमुळे तेच चॅनल जास्त तापमानालाही उघडतं. खबर खोटी, पण शरीर ती खरी मानतं: रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता धरून ठेवली जाते. त्वचेवर मेंथॉल लावलेल्या उंदरांच्या शरीराचं तापमान वाढल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून निभावतो. त्याच्या मेंदूला आपण चुकीची बातमी का द्यायची?

अंगणातली
मला हे पटत नाही. मी बरेच उन्हाळे कोंबड्या पाळते आहे. पुदिना दिला की त्या सावलीत शांत बसतात, पाणी पितात. आणि तुम्ही पुरावा उंदरांचा देता, सल्ला मात्र कोंबड्यांबद्दल! पक्ष्यांना मिरचीतलं कॅप्सेसिन झोंबत नाही, कारण त्यांचं उष्णतेचं चॅनल वेगळं. मग गारव्याचं चॅनल उंदरासारखंच असेल हे कशावरून?

जीवशास्त्र_बडोदा
प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तुमच्या बाजूचं नाही. कोंबडीचं टीआरपीएम८ मेंथॉलला उघडतं. आयसिलिन या प्रयोगशाळेत बनवलेल्या, त्याहून जोरदार गारवा देणाऱ्या पदार्थाला मात्र ते दाद देत नाही. फरक प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीचा, एका अमिनो आम्लाचा: उंदरात ८०५ व्या जागी ग्लायसिन, कोंबडीत त्या जागी अलानिन. शिवाय कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम, म्हणून तिचं चॅनल उंदराच्या चॅनलपेक्षा जास्त तापमानालाच उघडू लागतं. बेडकाचं बरंच खाली. प्रत्येकाचं कुलूप आपापल्या घराला बेतलेलं.

माझा आक्षेप माळवाकरांनाही आहे. उंदरावरून सगळ्यांबद्दल बोलू नये. टीआरपीए१ हे झोंबणं-आग जाणवून देणारं दुसरं चॅनल बघा: माणसात मेंथॉल ते उघडतं, उंदरात थोडं मेंथॉल उघडतं आणि जास्त झालं की बंद करतं. उंदराला ज्याने आराम पडला, त्याने माणसाला आग होऊ शकते. कुत्र्याचं गणित कुत्र्यावरच तपासायला हवं.

माळवाकर, इंदूर
मान्य, तपासायला हवं. पण तपासलेलं नसताना लावायचं कशाला? न लावण्यात जनावराचं काही बिघडत नाही.

धावपटू_पलासिया
आरामालाही किंमत असते हो. उन्हात धावताना आम्ही मेंथॉलच्या पाण्याने चूळ भरतो. शरीराचं तापमान उतरत नाही, तरी जास्त वेळ धावता येतं. गरम होण्याचा त्रास कमी वाटणं हाही उपचारच आहे.

माळवाकर, इंदूर
तुम्ही स्वतः ठरवून चूळ भरता, घड्याळ बघता, सोबत कोणीतरी असतं. कुत्र्याला जो त्रास जाणवतो, त्यामुळेच तो उठून मोरीच्या गार फरशीवर जाऊन पडतो. ती जाणीवच बोथट केली, तर तो उन्हातच बसून राहील. माझी सगळ्यात मोठी भीती हीच आहे.

मांजरप्रेमी
मांजरांच्या बाबतीत तर वादच नको. ती अंग चाटतात, लावलेलं सगळं पोटात जातं, आणि अशी कित्येक द्रव्यं निकामी करायला त्यांचं यकृत कमी पडतं. कापराचं तेल, पुदिन्याचं तेल, काहीही लावू नका.

अंगणातली
तेलाचे थेंब मीही टाकत नाही, पानं चुरडून देते. ती देतच राहणार. पण पत्र्याच्या खुराड्यावर दुपारी नुसत्या पुदिन्याने काय होणार, हेही मला ठाऊक आहे. गोणपाट भिजवून टाकते, दर तासाला.

माळवाकर, इंदूर
पानांना माझा विरोध नाही. गोणपाटाखाली वारा खेळू द्या, पाणी सुकताना उष्णता खरोखर घेऊन जातं. आणि कोणी कोंबडी पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसली, तर तिला लगेच सावलीत हलवा, पाय गार पाण्यात बुडवा आणि डॉक्टरांना फोन करा.