मदत हवी आहे: क्लबमधलं माझं रीडिंग आणि क्लबचा डिस्प्ले जुळत नाही

प्रबंधवाली:
तातडीने मदत हवी आहे. प्रबंधाचा विषय: क्लबमधला आवाज आणि श्रवण. डान्स फ्लोअरवर आवाज मोजला तर मला ९६ डीबी (डेसिबल) मिळाले, क्लबच्या डिस्प्लेवर १०८. मॅनेजरला वाटतंय आम्ही बदनामी करायला आलोय, गाइड म्हणतात डेटा बाद. शनिवारी पुन्हा मोजायचंय. कोणाचं खरं?

सबवूफर:
९६ काय? ए वेटिंग की सी (कुठला सूर किती मोजायचा याची पद्धत)? मीटर की मोबाइल?

प्रबंधवाली:
मोबाइल अ‍ॅप, ए. त्यांचा बहुतेक सी. फरक पडतो का?

सबवूफर:
तिथेच गोम आहे! ५० हर्ट्‌झला, म्हणजे खोल बेसला, ए वेटिंग सुमारे ३० डीबी कापतं, सी जेमतेम १.३. टेक्नोच्या किकवर (ड्रमच्या धपधप ठोक्यावर) दोन्हींत १०-१२ चा फरक सहज पडतो. दोन्ही आकडे खरे असू शकतात.

आयईसी६१६७२:
"खरे" कसले? मोठ्या आवाजाला फोनचा माइक दबतो. किमान क्लास २ (अचूकतेचा दर्जा) मीटर घ्या. आधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावा, म्हणजे मीटर तपासायला ठराविक आवाज देणारं यंत्र, ९४ किंवा ११४ डीबी. दोन्ही वेळच्या रीडिंगमध्ये ०.५ हून जास्त फरक आला तर त्या रात्रीचा डेटा फेका.

खांदेकरी:
एका जागी मीटर ठेवून श्रवणाबद्दल काय कळणार? माणूस फिरतो. खांद्यावर डोसिमीटर लावा, तो दिवसभरात कानावर पडलेला एकूण आवाज मोजतो. नायॉशच्या (अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था) हिशेबाने ८५ डीबी ए ला ८ तास, पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला १५ मिनिटं.

सबवूफर:
आणि शेजारचा कानात ओरडला की तेही डोसमध्ये धरायचं?

खांदेकरी:
कान तर धरतोच की.

निशाचर:
संमतीपत्र दारावरच, पिण्याआधी घ्या. मॅनेजरला लेखी द्या: क्लबचं नाव छापणार नाही, अहवाल आधी त्यांना. डब्ल्यूएचओचं २०२२ चं मानक १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डीबी ए आहे. त्या खाली राहिलात तर जाहिरातच करा म्हणावं.

डान्सफ्लोअर:
श्रवण सोडा, बेस घ्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी चालू कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्‌झचे स्पीकर गुपचूप चालू-बंद केले. चालू असताना लोक ११.८ टक्के जास्त हलले. असं काही न्या, क्लब स्वतः बोलावेल.

डेकमास्टर:
इअरप्लग फोमचे नकोत, फ्लॅट फिल्टरवाले घ्या.

प्रबंधवाली:
इअरप्लगचं विचारलं नव्हतं :) विभागात मीटर आहे. पण क्लबच्या डिस्प्लेचा माइक छताला, स्पीकरजवळ टांगलाय. चालेल ना?

सबवूफर:
हे आधी सांगायचं ना! क्लब उघडण्यापूर्वी पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खरखर आवाज) लावा. छताच्या माइकशेजारी आणि फ्लोअरवर सगळ्यात मोठा आवाज जिथे आहे तिथे, त्याच मीटरने, त्याच वेटिंगवर मोजा. येणारा फरक डिस्प्लेच्या आकड्यातून वजा करा. आणि साउंडवाल्याला समोर उभा करा, नाहीतर उद्या तोच नाही म्हणेल.

आयईसी६१६७२:
गर्दी आल्यावर तो फरक बदलतो. रात्री एकदा पुन्हा तपासा.