लुई चौदाव्याची अनौरस मुलं : एकीला आईचं सुतक, बाकीच्यांना मनाई का?

मीनल_वाचते

फ्रान्सच्या लुई चौदाव्याच्या दरबारातला सरदार सें-सिमों, त्याच्या आठवणी वाचते आहे आणि एका जागी अडकले आहे. १७०७ मध्ये राजाची एके काळची प्रेयसी मादाम द मोंतेस्पां वारली, तेव्हा राजापासून झालेल्या तिच्या मुलांना शोकाचे कपडे घालायला मनाई केली गेली. तीनच वर्षांनी, १७१० मध्ये, तिच्या आधीची प्रेयसी लुईज द ला व्हालिएर वारली. तिच्या मुलीनं, म्हणजे काँतीच्या प्रिन्सेसनं, मात्र उघडपणे शोक पाळला. बाप एकच, आणि राजाशी लग्न दोघींचंही नव्हतं. मग हा दुजाभाव कशासाठी? मोंतेस्पां राजाच्या मनातून उतरली होती म्हणावं, तर ला व्हालिएर तिच्याही आधी उतरलेली होती. जाणकारांनी सांगावं.

सनदवाली

मीनल, मी आयुष्यभर कौटुंबिक दावे लढवले. कागद हातात आला की त्यात कुणाचं नाव नाही ते मी आधी बघते. तुझं उत्तर तिथंच आहे.

पहिला कागद मे १६६७ चा. राजानं लुईजला डचेस केलं, व्होझूरची जहागीर दिली आणि त्याच कागदात मारी-आन, म्हणजे पुढची काँतीची प्रिन्सेस, ही आपली मुलगी असल्याचं मान्य केलं. त्यात आई आणि मुलगी दोघींची नावं आहेत. लुईज अविवाहित होती, त्यामुळे नाव घालण्यात कायद्याची अडचण नव्हती.

दुसरा कागद डिसेंबर १६७३ चा. लुई-ऑग्युस्त, लुई-सेझार आणि लुईज-फ्रांस्वाज या तिघांना राजानं आपलं म्हटलं. बापाची माया आहे, आईचं नाव कुठंही नाही. कारण मोंतेस्पांचा नवरा जिवंत होता. विवाहितेला झालेलं मूल कायद्यानं नवऱ्याचं. हे आपल्यालाही नवं नाही, आपल्या जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२ हेच सांगायचं. आईचं नाव लिहिलं असतं, तर मार्की द मोंतेस्पां त्या मुलांचा बाप ठरला असता. आणि तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं एवढा तमाशा केला की १६६८ मध्ये राजानं त्याला काही दिवस कोठडीत घातलं आणि नंतर दक्षिणेत त्याच्या मुलखात धाडून दिलं.

यातून वाट काढली ती बघ. १६७२ मध्ये लाँगव्हिलचा तरुण ड्यूक ऱ्हाईन ओलांडताना मारला गेला. त्याला एका विवाहितेपासून मुलगा होता. त्या मुलाला आईचं नाव न लिहिता मान्यता दिली गेली. पायंडा पडला, आणि पुढच्याच वर्षी तो राजाच्या कामी आला.

म्हणजे मोंतेस्पांच्या मुलांना कागदोपत्री आईच नव्हती. नसलेल्या आईचं सुतक कसं धरणार? मारी-आनला आई होती, म्हणून तिला हक्क होता. हा अन्याय मला आजही सहन होत नाही. बाईनं नऊ महिने पोटात वाढवायचं, आणि तिच्या मरणावर मुलांनी काळा कपडा घालायचा नाही!

मीनल_वाचते

ताई, आता उलगडा झाला! म्हणजे लुईजच्या मुलांचं सगळं पहिल्यापासून उघड होतं का?

सनदवाली

छे गं! तिचा पहिला मुलगा डिसेंबर १६६३ मध्ये झाला. सगळा बंदोबस्त कोलबेरकडे होता. हो, तोच तो, फ्रान्सचा खजिना सांभाळणारा. त्यानं आधीच आपल्या जुन्या नोकराला आणि त्याच्या बायकोला सांगून ठेवलं की माझ्या एका भावाला चांगल्या घरच्या मुलीपासून मूल होणार आहे, तिच्या अब्रूसाठी ते तुम्ही सांभाळा. पहाटे डॉक्टरनं बाळ बाहेर काढून त्या दोघांच्या हवाली केलं. मग सें-ल्यच्या चर्चमध्ये खोट्या आईबापांच्या नावानं बाप्तिस्मा झाला. ते मूल जगलं नाही, त्याच्यामागून झालेलंही नाही.

मोंतेस्पांच्या मुलांना सांभाळायला लेखक स्कारोंची विधवा नेमली होती, पुढची मादाम द मँतनों. तिनं म्हातारपणी सें-सीरच्या शाळेतल्या मुलींना ते दिवस सांगितले आहेत. घरात कामगार शिरू नयेत म्हणून स्वतः शिडीवर चढून पडदे लावायचे. वेषांतर करून, कपडे आणि मटण काखोटीला मारून, एका दाईकडून दुसरीकडे पायी जायचं. कधी आजारी मुलापाशी रात्र काढायची, सकाळी मागच्या दारानं घरी यायचं, नटूनथटून पुढच्या दारानं गाडीत बसायचं आणि बड्या घरी भेटीला जायचं. कुणी काही विचारलं तर चेहरा लाल होऊ नये म्हणून ती शिरेतून रक्त काढवून घ्यायची. मला या बाईचं फार कौतुक वाटतं. छोट्या लुई-ऑग्युस्तचा, म्हणजे ड्यूक द्यू मेनचा, पाय अधू होता. त्याला घेऊन ती पार पिरेनीजमधल्या बारेजच्या झऱ्यांपर्यंत गेली. सख्ख्या आईनं एवढं केलं नाही.

आल्हाद

सनदवालीताईंच्या लिहिण्यात एक भर. आईचं नाव नसलं तरी या मुलांचं नुकसान झालं नाही. लुईज-फ्रांस्वाज राजाच्या भाऊबंदांच्या काँदे घराण्यात गेली. तिची धाकटी बहीण फ्रांस्वाज-मारी, तिचं लग्न १६९२ मध्ये राजाच्या सख्ख्या पुतण्याशी झालं. मुलानं होकार दिला म्हणून त्याच्या आईनं भर दरबारात त्याच्या थोबाडीत मारली. १७१४ च्या फर्मानानं तर मेन आणि त्याचा धाकटा भाऊ तुलूझ या दोघांना गादीच्या वारसांत बसवलं. राजा गेल्यावर ते १७१७ मध्ये रद्द झालं, ती गोष्ट वेगळी. आणि १८३० मध्ये गादीवर आलेला लुई-फिलीप बापाकडून फ्रांस्वाज-मारीचा वंशज, आईकडून तुलूझचा. मोंतेस्पां दोन्ही बाजूंनी त्याची पूर्वज!

सनदवाली

आल्हाद, मुलांचं नुकसान झालं नाही हे मान्य. मीनलचा प्रश्न आयांचाही आहे. जिचं नाव कागदावर होतं, त्या लुईजनं १६७४ मध्ये भर दरबारात राणीच्या पाया पडून माफी मागितली आणि ती कार्मेलाइट मठात गेली. पुढची छत्तीस वर्षं तिथंच. तिचा मुलगा व्हेर्मांद्वा दोन वर्षांचा असताना फ्रान्सचा अॅडमिरल झाला होता, तो सोळाव्या वर्षी कुर्त्रेच्या स्वारीत तापानं गेला. 

आणि सगळ्याच मुलांचं भलं झालं असंही नाही. मोंतेस्पांची दासी क्लोद द व्हँ देझ्यये हिलाही राजापासून मुलगी झाली, लुईज द मेझोंब्लांश. तिला राजानं कधीच मान्यता दिली नाही. कागदोपत्री तिचे आईबाप भलतेच लिहिले, आणि १६९६ मध्ये तिला ला क्यच्या एका छोट्या बॅरनला देऊन टाकलं. ना पदवी, ना दरबार. तिची आई सरदार घराण्यातली नव्हती, एवढाच फरक.

मीनल_वाचते

मेझोंब्लांशबद्दल प्रथमच ऐकलं. सें-सिमों तिच्याबद्दल काही लिहितो का, ते आता शोधते.