एम.एस्सी. रसायनशास्त्र: १२० तासांचं ओजेटी छोट्या लॅबमध्ये केलं तर चालतं का?

मोहरीचं_फूल
एम.एस्सी. भाग १, दुसरं सत्र. ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचं प्रशिक्षण) ४ क्रेडिटचं आहे आणि जागा आपली आपण शोधायची आहे. औषध कंपन्यांच्या एचआरला मेल केले, पण उत्तर नाही. साखर कारखाना किंवा पाणी तपासणीची लॅब चालेल का? पत्रात नेमकं काय लिहायचं?

बुरेट_पिपेट
चालेल, आणि माझ्या मते तेच करा. औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणी विभागात) जीएमपीच्या, म्हणजे औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींच्या, नियमांमुळे प्रशिक्षणाची नोंद असलेल्या अॅनालिस्टलाच चाचणी करता येते. त्यामुळे विद्यार्थी एचपीएलसीशेजारी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राशेजारी) उभा राहून त्याचा आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम बघतो, यंत्रात सोडायचं द्रावण (मोबाइल फेज) गाळायलाही कुणी देत नाही. छोट्या लॅबमध्ये नमुने रोज येतात आणि माणसं कमी असतात, म्हणून दोन-तीन दिवसांत ब्युरेट तुमच्या हातात येते.

साखर कारखाना निवडणार असाल तर गाळप संपायच्या आत जा. पट्टा पडल्यावर (हंगाम बंद झाल्यावर) लॅबमध्ये बघण्यासारखं फारसं उरत नाही. हंगामात ब्रिक्स (रसातल्या विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) आणि पोल (पोलरीमीटरवर मोजलेलं साखरेचं प्रमाण) यांच्या तपासण्या पाळीनुसार सतत चालू असतात. रस लेड सबअॅसिटेटने निवळून गाळायचा, २०० मिमीच्या नळीत भरून पोलरीमीटरवर वाचायचा. पोल भागिले ब्रिक्स गुणिले १०० म्हणजे शुद्धता: ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर ८५. शिसं विषारी आहे, हातमोजे स्वतःचे न्या.

आवक_जावक
मेलवर विसंबू नका, पत्र हातात घेऊन जा. लेटरहेडवर विभागप्रमुख आणि प्राचार्य दोघांची सही, शिक्का. मजकुरात पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), विषय, कधीपासून कधीपर्यंत, एकूण १२० तास (१ क्रेडिटला ३०), महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांचा फोन. 'विद्यावेतनाची अपेक्षा नाही' हे वाक्य असेल तर निर्णय लवकर होतो. अपघात विमा आहे की नाही हे बऱ्याच ठिकाणी विचारतात, ते महाविद्यालयाकडून आधीच लिहून घ्या.

सहकारी कारखान्यात पत्र कार्यकारी संचालकांच्या नावे, प्रत चीफ केमिस्टना. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाण्याची लॅब असेल तर वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावे. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर पुढच्या आठवड्यात 'पत्र आलंच नाही' हे ऐकावं लागतं.

मोहरीचं_फूल
खूप आभार. नोंदवहीत रोज किती लिहायचं?

बुरेट_पिपेट
रोज अर्धं पान पुरे, पण त्यात आकडे हवेत. 'आज पाण्याची कठीणता शिकलो' याला अर्थ नाही. असं लिहा: 'नमुना ५० मिली, पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी दर्शक, ०.०१ एम ईडीटीए १४.२ मिली. १४.२ × २० = २८४ मिग्रॅ/लिटर, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) नुसार स्वीकार्य मर्यादा २००, दुसरा स्रोत नसेल तर ६००.' रंग लालसर जांभळ्यावरून निळा झाला की थांबा. बफर घातल्यावर पाच मिनिटांत टायट्रेशन संपवा. नमुना तसाच ठेवला तर कार्बोनेट खाली बसतं आणि आकडा कमी येतो. पाण्यात मॅग्नेशियम नगण्य असेल तर रंग नीट पालटत नाही. असं झालं तर तेही लिहा, तोंडी परीक्षेत प्रश्न तिथूनच येतात.

आवक_जावक
येण्या-जाण्याची वेळ आणि सुपरवायझरची सही रोजच्या रोज घ्या. शेवटच्या दिवशी वीस सह्या एकाच पेनाने घेतल्या तर लगेच कळतं. आणखी एक मोठी चूक म्हणजे ज्या वेळेत कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हजेरी लागलेली असते, तेच तास ओजेटीतही दाखवणं. रोज ६ तास धरले तर २० दिवस, ८ धरले तर १५. आधी वेळापत्रक समोर ठेवा, मगच पत्रात तारखा टाका.