मदत हवी आहे: दोन फुटी प्लांटेड टाकीच्या (पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीच्या) तळाला स्वस्तात काय घालू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

घरात २ फूट लांब, १ फूट रुंद काचेची टाकी रिकामी आहे. तिच्यात व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन आणि मागे एखादी अ‍ॅमेझॉन स्वोर्ड लावायची फार इच्छा आहे. तिन्ही मुळांवाटे अन्न घेणाऱ्या, म्हणून सगळं तळावर अडलंय. लाइटसकट दीड हजारात बसवायचंय, त्यामुळे तयार अ‍ॅक्वा सॉइल (पाणवनस्पतींसाठीची खास माती) परवडणार नाही.

विचार असा आहे की खाली इंचभर माती आणि वर दीड इंच धुतलेली वाळू. शेजारी बांधकामावर कन्हान नदीची वाळू पडली आहे, मालक घमेलंभर द्यायला तयार आहेत. अडचण मातीची. आपल्याकडे खणाल तिथे काळी. अन्नद्रव्यं धरून ठेवते म्हणून ती सोडवत नाही, पण बऱ्याचदा तिच्यात चुनखडीचे खडे असतात, पाणी कडक होईल ही धास्ती आहे. नर्सरीतल्या तयार मातीत शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेलं असतं. कोणी काळी माती वापरली आहे का? मासे नंतर, तेही फक्त गप्पी.

उत्तर

भाऊ, काळी माती पसरू नका. कडक पाणी व्हॅलिस्नेरियाला आणि गप्पींना चालतं, खरा त्रास गढूळपणाचा आहे. ही माती फार बारीक कणांची. एखादं रोप उपटलं की वाळूखालून वर येते आणि लवकर बसत नाही. खतवाली मातीही नको. ती पाण्यात कुजते, अमोनिया सुटतो, आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

पूर्ण तळ वाळूचाच करा. २ इंचांच्या थराला साधारण १४-१५ किलो लागेल. आधी चाळून पिठासारखी बारीक वाळू काढून टाका, नाहीतर थर घट्ट बसतो आणि मुळांशी हवा खेळत नाही. मूठभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर ओता. फेस आला तर तीत चुना आहे, ती घेऊ नका. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

अन्न फक्त मुळांपाशी द्या. खत नसलेली लाल चिकणमाती मळून सुपारीएवढ्या गोळ्या करा, उन्हात कडक वाळवा आणि रोपाच्या बुडाशी खोल दाबा. तयार रूट टॅब्लेट (मुळांशी दाबायच्या खताच्या गोळ्या) मिळाल्या तर उत्तमच, तीन जातींना थोड्याच पुरतात.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. व्हिनेगर टाकून पाहिलं, फेस नाही! वाळू धुवायला घेतली आहे. एकच विचारतो, स्वोर्डच्या बुडाशी किती गोळ्या?

उत्तर

दोन-तीन, खोडापासून दोन बोटं लांब. पानं पिवळी पडायला लागली की आणखी द्या. गप्पी मात्र टाकी सुरू करून महिनाभराने, अमोनिया तपासूनच सोडा.