मदत हवी आहे: ३५ संगणक, चार तऱ्हेच्या सिस्टीम आणि एकच एंडपॉइंट मॅनेजमेंट. कशावर चालेल, कशावर नाही?

टॉवेलवाली

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात संगणकांचं सगळं काम मी एकटी बघते. परदेशातल्या एका खरेदीदाराने यंदा ऑर्डरच्या कागदांबरोबर सुरक्षेची प्रश्नावली पाठवली आहे. कुठल्या मशीनवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, अपडेट शेवटचे कधी झाले, लॅपटॉप हरवला तर दुरून लॉक करता येतो का, असं सगळं विचारलंय. आजवर हे माझ्या वहीत असायचं, पण वही दाखवून भागणार नाही. मालकांनी एंडपॉइंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर (सगळी मशीन एका जागेवरून सांभाळणारं) घ्यायला होकार दिला आहे. सिद्धेश्वर यात्रेत कारखाना दोन दिवस बंद असतो, तेवढ्यात सगळीकडे बसवायचं आहे.

आमच्याकडे १७ मशीन विंडोज १० प्रोची आहेत, बहुतेक चौथ्या ते सातव्या पिढीचे आय-३, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. ९ विंडोज ११ आहेत, त्यातली ५ होम आवृत्तीची, कारण ती दुकानातून तयार आणलेली. विंडोज ७ ची ४, त्यातलं एक ३२ बिटचं मशीन जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोलरला जोडलेलं. डिझाइन विभागात २ मॅक (एक २०१७ चा आयमॅक, एक एम-१ मॅकबुक एअर). गोदामात उबुंटू (लिनक्स) २०.०४ ची ३. शिवाय डिस्पॅचच्या मुलांकडे कंपनीचे ८ अँड्रॉइड फोन. डोमेन (सगळ्या मशीनची खाती एका सर्व्हरवरून चालवायची सोय) नाही, सगळं वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक मशीन आपापलं.

विक्रेत्याच्या माणसाने सांगितलं, "मॅडम, सगळ्यावर चालतं, १ जीबी रॅम असली तरी पुरे." म्हणून चाचणीसाठी ६ मशीन घेतल्या. सर्व्हरवरून दुरून बसवायला गेले तर सहाच्या सहा ठिकाणी 'प्रवेश नाकारला'. मग पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक टेबलावर गेले. चार ठिकाणी बसलं. विंडोज ७ वर डिजिटल सहीची पडताळणी होत नाही असा संदेश आला. गोदामातल्या एका विंडोज १० वर बसलं खरं, पण कन्सोलमध्ये (सर्व्हरवर सगळी मशीन दिसतात त्या पडद्यावर) ते मशीन दिसतच नाही.

मला हे कळायला हवंय की प्रत्येक सिस्टीमसाठी नेमकं काय असावं लागतं, कुठली मशीन बदलावीच लागतील, आणि सर्व्हरचा भाग टॅलीच्या मशीनवर टाकला तर चालेल का. मालकांपुढे खर्चाचा आकडा एकदाच ठेवायचा आहे. दर आठवड्याला नवा आकडा घेऊन जाणं मला बरं वाटत नाही.

सर्व्हररूम

ताई, मी मूळचा सोलापूरचाच, सध्या पुण्यात हेच काम करतो. आमच्याकडे ६० मशीन आहेत.

आधी त्या १ जीबी रॅमबद्दल. तो आकडा खोटा नाही, पण तो फक्त एजंट चालू होण्यापुरता आहे. एजंट म्हणजे प्रत्येक मशीनवर बसणारा छोटा प्रोग्रॅम. तो सहसा हलकाच असतो. जड असतं ते तो करायला लावतो ते काम, म्हणजे अपडेट शोधणं, उतरवणं, बसवणं. ४ जीबी आणि साध्या हार्डडिस्कच्या मशीनवर सकाळी दहाला स्कॅन सुरू झालं की बिलं करणाऱ्या माणसाचं मशीन अर्धा तास हलत नाही. तुमच्या १७ मशीनमध्ये एसएसडी घाला आणि रॅम ८ करा, फरक त्याच दिवशी दिसेल. पण थांबा, त्याआधी दुसरा हिशोब करायला हवा.

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एजंट त्यावर बसेल, अहवालही देईल, पण पाठवायला नवे सुरक्षा अपडेटच नसतील तर खरेदीदाराला काय दाखवणार? मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन वाढीव सुरक्षा अपडेट देते. संस्थांसाठी पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यासाठी मशीन २२एच२ आवृत्तीवर लागतं. घरगुती ग्राहकांसाठी स्वस्त योजना आहे, पण ती धंद्यासाठी नाही, आणि डोमेनला किंवा मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंटला (उपकरणं दुरून सांभाळायच्या सोयीला) जोडलेलं मशीन तिच्यात बसतच नाही. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही व्यवस्थापन सुरू कराल त्याच दिवशी ती वाट बंद होईल. कुणी 'ती घ्या की' म्हणालं तर ऐकू नका.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही तपासायची सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमची चौथ्या ते सातव्या पिढीची मशीन त्यात येत नाहीत. अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे लोक आपल्याकडे आहेत, पण प्रश्नावलीवर सही मालकांची असणार. ते करू नका.

म्हणून माझं मत असं की १७ पैकी जी मशीन दोन वर्षांत बदलायचीच आहेत त्यांच्यात एसएसडी घालून पैसे अडकवू नका. वाढीव अपडेटचं एक वर्ष घ्या आणि दर तिमाहीला चार-पाच मशीन बदला. आकडा एकदाच सांगायचा असेल तर हाच सांगा.

होम आवृत्तीवर एजंट बसतो. पण होम डोमेनला जोडता येत नाही, तिच्यात ग्रुप पॉलिसी (सगळ्यांना एकच नियम लावायची सोय) नाही, आणि डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) विंडोजच्या बिटलॉकरने सांभाळायचं असेल तर प्रो लागते. पाचही मशीनवर फक्त परवाना बदलून प्रो करता येईल, पुन्हा फॉरमॅट करावं लागत नाही.

सर्व्हर टॅलीच्या मशीनवर नको. डेटाबेस, उतरवलेले अपडेट, बॅकअप हे सगळं एकाच डिस्कवर भांडेल आणि मार्चअखेरीला दोन्ही अडतील. आमच्याकडे ४ कोर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडीचं वेगळं मशीन पुरतं. आयपी पत्ता कायमचा ठेवा आणि यूपीएसवर घ्या. सॉफ्टवेअर कुठला डेटाबेस वापरतं तेही विचारा. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या (मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेसच्या) २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ३५ मशीनला ती लगेच लागणार नाही, पण जुन्या नोंदी कधीच पुसल्या नाहीत तर लागते.

टॉवेलवाली

सर्व्हररूम दादा, मनापासून आभार. घरगुती योजनेचा विचार माझ्या डोक्यात होताच, बरं झालं सांगितलंत. इंटरनेट ५० एमबीपीएसचं आहे, ते पुरेल का? आणि सहाही ठिकाणी प्रवेश का नाकारला गेला ते अजून कळत नाही. पासवर्ड तर बरोबर होता.

प्रयोगशाळा_२

मी सोलापुरातल्याच एका कॉलेजची संगणक लॅब सांभाळतो. हे दुखणं आम्ही भोगलंय, ताई.

वर्कग्रुपमध्ये दुरून लॉगिन करणाऱ्या स्थानिक ॲडमिन खात्याला विंडोज पूर्ण अधिकार देत नाही. यूएसी, म्हणजे विंडोजमधली अधिकारांवरची राखण, तिचा तो भाग आहे. पासवर्ड बरोबर असला तरी ॲडमिन शेअर (दुरून फाइल टाकायचं लपलेलं फोल्डर) उघडत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) 'लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी' नावाची नोंद १ केली की उघडतो, शिवाय फायरवॉलमध्ये ४४५ आणि १३५ हे पोर्ट लागतात. पण ३५ मशीनवर ही दारं उघडी ठेवणं मला पटत नाही. एका मशीनचा पासवर्ड फुटला तर सगळीकडे शिरता येतं, आणि बहुतेक ठिकाणी ॲडमिनचा पासवर्ड एकच असतो. तुम्ही पेनड्राइव्हने केलंत तेच चांगलं. एकदा एजंट बसला की पुढे तोच सर्व्हरला हाक मारतो, बाहेरून आत यायची गरज राहत नाही.

गोदामातल्या मशीनवर आज तारीख काय दिसते ते बघा. आमच्याकडे वीज गेली की जुन्या मशीनची तारीख मागे जायची. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. घड्याळ चुकीचं असलं की सर्व्हरचं प्रमाणपत्र वैध ठरत नाही, एजंट गप्प बसतो आणि स्क्रीनवर काहीच सांगत नाही. सेल नेहमीचा सीआर-२०३२ असतो.

तारीख बरोबर असेल तर ते मशीन दुसऱ्या मशीनच्या डिस्कची नक्कल करून केलंय का बघा. एजंटसकट नक्कल केली तर दोन्ही मशीनची ओळख एकच होते आणि कन्सोलमध्ये एकच दिसतं. आमच्या लॅबमध्ये २० मशीन लावली आणि कन्सोलमध्ये ३ दिसत होती. पूर्ण दोन दिवस गेले ते शोधण्यात.

विंडोज ७ चा संदेश शा-२ सहीमुळे (प्रोग्रॅम खरा आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीच्या नव्या पद्धतीमुळे) असणार. २०१९ पासून त्याला नव्या सह्या ओळखायला वेगळा अपडेट लागतो, शिवाय टीएलएस १.२ (सर्व्हरशी सुरक्षित बोलायची पद्धत) हेही हाताने सुरू करावं लागतं. दोन्ही केलंत तर एजंट बसेलही. पण विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे, म्हणून जॅकार्डचं मशीन सोडून बाकी तीन काढूनच टाका.

इंटरनेटचा हिशोब करून बघा. महिन्याचे अपडेट मशीनमागे १ जीबी धरले तर ३५ जीबी. ५० एमबीपीएसची पूर्ण लाइन दीड तासाहून जास्त वेळ फक्त त्यातच जाईल, आणि तेवढ्या वेळात निर्यातीचे कागद पाठवणारा माणूस बसून राहील. अपडेट सर्व्हरवर एकदाच उतरवून तिथून वाटण्याची सोय सुरू करा. वेळ जेवणाच्या सुट्टीची ठेवा. रात्रीची ठेवली तर मशीन बंद असतात, आमची पहिले तीन महिने हीच चूक होत होती.

कॅनव्हास

मॅक आणि फोनबद्दल लिहिते, वर ते राहून गेलंय.

२०१७ चा आयमॅक मॅकओएस १३ व्हेंचुराच्या पुढे जात नाही. ॲपल साधारण शेवटच्या तीन आवृत्त्यांनाच सुरक्षा अपडेट देतं, त्यामुळे त्याचीही गत तुमच्या विंडोज १० सारखीच. एम-१ एअर मात्र मॅकओएस २६ टाहोवरही चालतो. एजंटचं इंस्टॉलर एम-१ साठी वेगळं आहे का विचारा. फक्त इंटेलचं असेल तर रोझेटा २ (इंटेलचे प्रोग्रॅम एम-१ वर चालवणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) टाकावं लागेल.

मॅक व्यवस्थापनाखाली आणायचा तर ॲपलचं पुश प्रमाणपत्र (मॅकला दुरून आज्ञा पाठवायची परवानगी) लागतं. ते वर्षभर टिकतं आणि त्याच ॲपल आयडीने नव्याने घ्यावं लागतं. आयडी हरवला किंवा दुसऱ्याने काढला तर सगळे मॅक पुन्हा नोंदवायचे. तो आयडी कंपनीच्या ईमेलवरच काढा, ताई, कुणा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या ईमेलवर नको. आमच्याकडे माणूस नोकरी सोडून गेला आणि ११ मॅक हाताबाहेर गेले. फायरवॉलमधून बाहेर जाणारे ५२२३ आणि ४४३ पोर्ट मोकळे हवेत. एजंटला फुल डिस्क ॲक्सेस (सगळी डिस्क वाचायची परवानगी) द्यायला विसरू नका, नाहीतर तो बसलेला दिसतो पण अर्धवट माहिती देतो.

फोन कंपनीचे आहेत तर 'पूर्ण व्यवस्थापित' पद्धत घ्या. त्यासाठी फोन फॅक्टरी रीसेट करावा लागतो. पहिल्या स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की क्यूआर वाचायची सोय उघडते. रीसेटच्या आधी मुलांचे फोटो आणि नंबर काढून ठेवायला सांगा. कंपनीचा फोन असला तरी त्यात त्यांच्या घरचंही बरंच काही असतं.

सर्व्हररूम

उबुंटू राहिलं. २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. उबुंटू प्रो (वाढीव अपडेटची योजना) ५ मशीनपर्यंत मोफत आहे, तुमची तीनच आहेत. तेवढ्यावर २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. जमलं तर २४.०४ वर जा, पण आधी एजंट कुठल्या आवृत्त्यांवर चालतो ते कागदावर घ्या. लिनक्सवर 'लिनक्स चालतं' एवढ्या उत्तराला काही अर्थ नाही. कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार), कुठली आवृत्ती, ६४ बिट की ३२, जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) कितीची, हे विचारा.

टॉवेलवाली

तारीखच होती! गोदामातलं मशीन २०१२ सालात होतं. सेल बदलला, चहा संपायच्या आत कन्सोलमध्ये नाव आलं. प्रयोगशाळा दादा, तुमचे उपकार.

आणखी दोन मशीनचे सेल संपलेले निघाले. गोदामात रुई एवढी उडते की कॅबिनेट उघडल्यावर पंखा दिसत नव्हता, तोही साफ केला.

आता जॅकार्डचं मशीन. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या ३२ बिटवरच चालतं. मशीन पुरवणाऱ्यांनी दुसरं काहीही टाकू नका असं लेखी दिलंय. ते बंद पडलं तर चार माग थांबतात आणि त्यावरचे लोक बसून राहतात, म्हणून हात लावायची हिंमत होत नाही. याचं काय करू?

प्रयोगशाळा_२

त्यावर एजंट टाकू नका. त्याचं नेटवर्क वेगळं करा, व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) करता आला तर उत्तमच, नाहीतर सरळ केबल काढा. डिझाइनची फाइल न्यायला एकच ठरलेलं मशीन ठेवा, त्यावर स्कॅन करून मगच पेनड्राइव्ह पुढे जाऊ द्या. आणि आज-उद्यातच त्याच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) काढून दोन ठिकाणी ठेवा. एवढ्या जुन्या डिस्कवर चार माग उभे आहेत, मला तर अपडेटपेक्षा त्याचीच काळजी वाटते.

सर्व्हररूम

सहमत. पुढे कंट्रोलर बदलायची वेळ आली तर पुरवठादाराला विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ (यंत्रांसाठीची, जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती) बद्दल विचारा, तिचा आधार जानेवारी २०३२ पर्यंत आहे. प्रश्नावलीत हे मशीन लपवू नका. 'अपवाद' म्हणून लिहा, कारण लिहा, वेगळं कसं ठेवलंय ते लिहा. मी असे कागद दुसऱ्या बाजूनेही तपासले आहेत. कारणासह लिहिलेला अपवाद चालतो. सगळी मशीन शंभर टक्के ठीक असं लिहिलेलं असलं की मी तर आधी तेच तपासायचो.

टॉवेलवाली

आज मालकांशी बोलले. वेगळा सर्व्हर मंजूर झाला. १७ मशीनना एक वर्षाचे वाढीव अपडेट आणि दर तिमाहीला पाच बदलायची हेही मंजूर. पाच होम मशीनसाठी प्रोचे परवाने यात्रेआधी येतील. आयमॅकचं डिझाइनच्या बाईंशी बोलायचं राहिलंय, त्यांचा त्यावर फार जीव आहे. जॅकार्डच्या डिस्कची प्रतिमा काल रात्री पाळी संपल्यावर काढली, एक प्रत ऑफिसच्या तिजोरीत आहे. विक्रेत्याकडे आवृत्त्यांची यादी लेखी मागितली आहे, आली की इथेच टाकते.